कोचला कोण शिकवतं? प्रशिक्षकांच्या ऑनलाइन गटांमुळे खेळाडूंचं काय भलं होऊ शकतं?

पॅरिस, ऑगस्ट २०२४. कुस्तीच्या ५० किलो गटात फायनलला पोचलेली विनेश फोगाट सकाळच्या वजनात १०० ग्रॅम जास्त भरली आणि अपात्र ठरली. दुसऱ्याच दिवशी ५७ किलो गटात अमन सेहरावत सेमीफायनल हरला, तेव्हा त्याचंही वजन साडेचार किलोच्या वर वाढलेलं होतं. प्रशिक्षकांनी रात्रभर जागून साधारण दहा तासांत ते उतरवलं आणि अमनने ब्राँझ जिंकलं.

या दोन्ही घटनांवर देशभर चर्चा झाली. त्या चर्चेत एक साधा प्रश्न मागे राहिला. पॅरिसमध्ये खेळाडूंच्या मदतीला डॉक्टर होते, फिजिओ होते, आहाराचं बघणारी माणसं होती. पण तालुक्याच्या तालमीत चौदा वर्षांच्या पोराचं वजन दोन दिवसांत तीन किलो उतरवायचं की नाही, हे ठरवणारा कोच कुणाला विचारतो?

बहुतेक वेळा कुणालाच नाही. त्याच्या वस्तादाने त्याच्यासोबत जे केलं, तेच तो करतो. पाणी बंद, अंगात जाड कपडे, वर पळायला लावणं. मुलगा वजनात बसला की पद्धत बरोबर होती, असं मानून सगळे मोकळे होतात.

कोचचा हा एकटेपणा कमी करण्यासाठी जगभरात एक उपाय पुढे येतोय. प्रशिक्षकांचे ऑनलाइन शिक्षण-गट, म्हणजेच 'लर्निंग कम्युनिटी'. हे गट नेमके काय असतात? ते खरंच उपयोगी आहेत, की व्हॉट्सअ‍ॅपवरचा आणखी एक ग्रुप?

हा विषय आत्ताच का महत्त्वाचा आहे?

२०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला होणार, हे नोव्हेंबर २०२५ मध्ये नक्की झालं. २०३६ चं ऑलिम्पिक भारतात व्हावं यासाठीही सरकार प्रयत्न करतंय. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'खेलो भारत नीति' मंजूर केली. प्रशिक्षक, तांत्रिक अधिकारी आणि सहाय्यक कर्मचाऱ्यांना तयार करणं हे त्या धोरणातलं एक उद्दिष्ट आहे.

मोठ्या स्पर्धा म्हटल्या की चर्चा स्टेडियमची होते, सिंथेटिक ट्रॅकची होते, बक्षिसाच्या रकमेची होते. पण २०३६ मध्ये पदकासाठी खेळणारी मुलं आज शाळेत आहेत. ती रोज सकाळी ज्याच्यासमोर उभी राहतात तो माणूस शाळेचा क्रीडाशिक्षक असतो, मंडळाचा कबड्डी कोच असतो, नाहीतर तालमीतला वस्ताद. त्याला काय येतं आणि काय येत नाही, यावर त्या मुलांचं बरंचसं ठरतं. पदक मिळेल का, हे तर ठरतंच. मूल खेळात टिकेल का आणि खेळताना सुरक्षित राहील का, हेही त्यावरच ठरतं.

कोचला नेतृत्व कशाला शिकायचंय?

नेतृत्व म्हटलं की फायनलच्या आधी ड्रेसिंग रूममध्ये केलेलं जोरदार भाषण डोळ्यासमोर येतं. सिनेमामुळे ही प्रतिमा पक्की झालीय. प्रत्यक्षात कोचचं नेतृत्व रोजच्या लहान-लहान निर्णयांत दिसतं.

संघातून कुणाला वगळायचं, आणि त्याला ते कसं सांगायचं? दहावीचं वर्ष आहे म्हणून वडील मुलीचा खेळ बंद करतायत, त्यांच्याशी काय बोलायचं? गुडघा दुखत असताना 'मी ठीक आहे' म्हणणाऱ्या पोराला बाहेर बसवायचं का? मुलीची पाळी अनियमित झालीय, हे कोचला कळावं तरी कसं, आणि कळल्यावर त्याने काय करावं? सीनियर मुलं ज्युनिअरची रॅगिंग करतायत असं वाटतंय, पण पुरावा नाही. मग?

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर 'बॅकहँड कसा मारायचा' या धड्यात मिळत नाही.

स्वप्नील कुसाळेचं उदाहरण बोलकं आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या या नेमबाजाने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकलं. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये खेळलेल्या आहेत, आणि पुढे त्यांना द्रोणाचार्य पुरस्कारही मिळाला. नेमबाजीत शेवटच्या काही गोळ्यांच्या वेळी कोच खेळाडूच्या शेजारी नसतो. तो क्षण खेळाडूने एकट्याने निभवावा, यासाठीची तयारी आधीची कितीतरी वर्षं चाललेली असते. ती जितकी तंत्राची असते, तितकीच माणूस ओळखण्याची असते.

सध्या प्रशिक्षक शिकतात कुठे?

देशातली सर्वांत नावाजलेली जागा म्हणजे पतियाळाची नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं 'एनआयएस'. १९६१ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेचा पदविका अभ्यासक्रम आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स करून देशभरात अनेक प्रशिक्षक घडले. शिवाय त्या-त्या खेळाच्या संघटना आपापल्या पातळीवर कोर्स घेतात. बीपीएड, एमपीएड केलेले क्रीडाशिक्षक असतात. आणि औपचारिक शिक्षण नसलेले, पण आयुष्य मैदानावर घालवलेले असंख्य लोक असतात.

अडचण अशी की कोर्स संपतो आणि कोच गावी परततो. त्याचे खरे प्रश्न सुरू होतात ते त्यानंतर. वर्गात शिकवलेलं आणि मैदानावर घडणारं यात अंतर पडतं, आणि ते भरून काढायला जवळ कुणी नसतं. त्याच गावातला दुसरा कोच हा बहुतेक वेळा प्रतिस्पर्धी असतो. त्याच्याकडे जाऊन 'मला हे जमत नाहीये' म्हणणार कोण?

शिवाय आपल्याकडे गुरूने चुकणं हे कमीपणाचं मानलं जातं. वस्तादाला प्रश्न विचारायचा नसतो आणि वस्तादाने शंका बोलून दाखवायची नसते. या परंपरेने खूप काही दिलं. त्याचबरोबर काही चुकीच्या सवयीही एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे तशाच्या तशा आल्या. वजन उतरवण्याची वर सांगितलेली पद्धत ही त्यातलीच एक.

'लर्निंग कम्युनिटी' म्हणजे काय?

ही कल्पना खेळातून आलेली नाही. मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात शिंपीकाम शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला होता. तिथे फळा नव्हता, परीक्षा नव्हती. मुलं दुकानात बसायची, आधी बटणं लावायची, शिलाईची लहानसहान कामं करायची आणि हळूहळू कापड कापण्यापर्यंत पोचायची. लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये यावर पुस्तक लिहिलं. एकच काम करणारी माणसं एकमेकांच्या सोबतीने जे शिकतात, त्याला त्यांनी 'कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस' असं नाव दिलं.

प्रशिक्षकांचा ऑनलाइन गट याच तत्त्वावर चालतो. साधारणपणे आठ-दहा किंवा पंधरा प्रशिक्षक ठरावीक दिवशी व्हिडिओ कॉलवर भेटतात. एक जण आपल्यासमोरचा खरा पेच मांडतो. बाकीचे आधी प्रश्न विचारतात, मग आपल्याकडे काय झालं होतं ते सांगतात. पेच मांडणारा पुढच्या दोन आठवड्यांत एखादी गोष्ट करून बघतो आणि पुढच्या भेटीत काय झालं ते सांगतो. चर्चेला दिशा देणारा एक अनुभवी सूत्रधार असतो.

वेबिनारपेक्षा हे वेगळं आहे ते इथेच. वेबिनारमध्ये एक जण बोलतो आणि शेकडो लोक माइक बंद करून ऐकतात. गटात प्रत्येकाला बोलावं लागतं, आणि बोललेलं करून दाखवावं लागतं.

भारतात असं काही झालंय का?

लॉकडाऊनने याची चुणूक दाखवली. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये मैदानं बंद असताना भारतीय क्रीडा प्राधिकरण आणि भारतीय बॅडमिंटन संघटनेने प्रशिक्षकांसाठी ऑनलाइन सत्रं घेतली. पुलेला गोपीचंद त्यात शिकवत होते आणि देशभरातले शेकडो कोच आपापल्या घरून जोडले गेले होते. त्याच मे महिन्यात 'खेलो इंडिया ई-पाठशाला' सुरू झाली आणि तिरंदाजीपासून सुरुवात करून अनेक खेळांचे ऑनलाइन वर्ग झाले.

ज्या कोचला गोपीचंद यांना भेटायला हैदराबादचं तिकीट काढावं लागलं असतं, तो घरी बसून त्यांचं ऐकत होता. ही लहान गोष्ट नाही. अंतर आणि खर्च हे दोन अडथळे एका फटक्यात दूर झाले.

पण ती सत्रं मुख्यतः शिकवण्यासाठी होती. वरून खाली माहिती पोचवायला असा वर्ग उत्तम. मात्र तालुक्याच्या कोचचा पेच वर पोचायला, आणि त्याच्यासारख्याच दुसऱ्या कोचपर्यंत आडवा जायला, लहान आणि कायम चालणारे गट लागतात. लॉकडाऊन उठलं आणि सगळे मैदानावर परतले. तंत्रज्ञान हातात राहिलं. त्यातून भेटत राहण्याची सवय मात्र आपोआप लागत नाही.

जगात काय चाललंय?

महिला प्रशिक्षकांचं उदाहरण इथे महत्त्वाचं आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळाडूंपैकी जवळपास निम्म्या महिला होत्या. प्रशिक्षकांमध्ये मात्र महिला होत्या फक्त १३ टक्के. मोठ्या स्पर्धेला गेलेल्या महिला कोचला आजूबाजूला आपल्यासारखी दुसरी बाई दिसतच नाही, अशी स्थिती.

यावर उपाय म्हणून आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या पाठिंब्याने ब्रिटनच्या हर्टफर्डशायर विद्यापीठात 'विश' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. वेगवेगळ्या देशांतल्या आणि वेगवेगळ्या खेळांतल्या शंभरहून जास्त महिला प्रशिक्षक त्यात सहभागी झाल्या. एक निवासी आठवडा आणि त्यानंतर बरेच महिने ऑनलाइन नेतृत्व प्रशिक्षण व मार्गदर्शक, अशी त्याची रचना. यातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ओळख आणि विश्वास आधी समोरासमोर, नियमित शिकणं नंतर ऑनलाइन.

दुसरी गोष्ट म्हणजे खेळ वेगवेगळे असणं. जलतरणाच्या कोचला जिम्नॅस्टिक्सच्या कोचकडून पोहण्याचं तंत्र मिळणार नाही. पण किशोरवयीन मुलींशी शरीराबद्दल कसं बोलावं, हे नक्की मिळेल. आणि दोघी एकमेकींच्या प्रतिस्पर्धी नसल्यामुळे मोकळेपणाने बोलू शकतील.

प्रत्यक्षात फायदा कसा होतो?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात मुलींचा कबड्डी संघ आहे. कोच मेहनती आहे, पण दोन वर्षांत नववी-दहावीतल्या सहा मुली खेळ सोडून गेल्या. त्याचा निष्कर्ष ठरलेला आहे, 'पालकांना खेळाचं महत्त्व कळत नाही.'

तो हा पेच गटात मांडतो. विदर्भातली एक हॉकी कोच विचारते, 'मैदानाजवळ मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का? सराव संपतो किती वाजता?' कोकणातला एक खो-खो कोच विचारतो, 'सोडून गेलेल्या मुलींना कारण विचारलंत का?' त्याने विचारलेलं नसतं. तो दोन घरी जाऊन येतो. सराव संपेपर्यंत अंधार पडतो आणि शेवटची एसटी चुकते, हे खरं कारण निघतं. सराव पाऊण तास आधी सुरू होतो.

इथे तज्ज्ञाने काही शिकवलं नाही. कोचला स्वतःचा अंदाज तपासून बघायला लावणारं कुणीतरी मिळालं, इतकंच. कोचसाठी नेतृत्व शिकणं म्हणतात ते हेच.

दुसरं उदाहरण काल्पनिक नाही, आकड्यांचं आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या माहितीनुसार २०२४ मध्ये भारतात तपासलेल्या ७,११३ नमुन्यांपैकी २६० नमुने दोषी आढळले. म्हणजे ३.६ टक्के. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होतं. यातले काही जण जाणूनबुजून घेतात, काही जण सप्लिमेंटच्या डब्यात किंवा साध्या औषधात अडकतात. नियम असा की शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूचीच. बंदी असलेल्या पदार्थांची यादी दरवर्षी १ जानेवारीला बदलते.

तालुक्याच्या जिममध्ये कुणीतरी 'ही पावडर घे, काही होत नाही' म्हणतो, तेव्हा मुलगा आधी कोचच्या तोंडाकडे बघतो. कोचला नवी यादी माहीत असेल, भारताच्या 'नाडा' या संस्थेचं औषध तपासण्याचं अ‍ॅप माहीत असेल, आणि 'नको' म्हणण्याचं धाडस असेल, तर एक करिअर वाचतं. यादी वेबिनारमध्ये कळू शकते. पण शेजारच्या तालमीतली मुलं पावडर घेऊन जिंकत असताना 'नको' म्हणायला पाठीशी कुणीतरी लागतं. ती पाठराखण गटातून मिळते.

मग अडचण कुठे आहे?

*सूत्रधार गेला की गट बसतो.* कॅनडातल्या ऑटावा विद्यापीठाशी संबंधित पियरे त्रुदेल आणि डायन कल्वर यांनी प्रशिक्षकांच्या अशा गटांचा बरीच वर्षं अभ्यास केला. गट आपोआप चालत नाहीत, हा त्यांच्या कामातला ठळक मुद्दा. पुढाकार घेणारी व्यक्ती बाजूला झाली की उत्साह ओसरतो आणि प्रशिक्षक पुन्हा आपापल्या कोपऱ्यात जातात. म्हणजे सूत्रधाराला वेळ आणि मानधन देणं, हा खर्चाचा मुख्य भाग असायला हवा.

*स्पर्धा आडवी येते.* एकाच जिल्ह्यातले, एकाच खेळाचे कोच एका गटात टाकले, तर कुणी आपला पेच उघड करणार नाही. पुढच्या महिन्यात निवड चाचणीत तेच समोरासमोर येणार असतात.

*व्हॉट्सअ‍ॅपचा सापळा.* अडीचशे जणांचा ग्रुप काढणं सोपं असतं. आठवड्याभरात तिथे शुभ सकाळ, अभिनंदनाचे फोटो आणि नेत्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू होतात. चूक कबूल करायला ती जागा उरत नाही.

*भाषा.* चांगलं साहित्य आणि चांगले कार्यक्रम बहुतांश इंग्रजीत आहेत. मैदानावर तीस वर्षं घालवलेला कोच इंग्रजी कॉलवर गप्प बसतो, आणि त्याचं ज्ञान त्याच्याजवळच राहतं. मराठीत चालणारे गट झाले, तर गोव्यातला आणि गडचिरोलीतला कोचही एका कॉलवर येऊ शकेल.

*मुलांची गोपनीयता.* ही सर्वांत गंभीर गोष्ट. पेच मांडताना मुलीचं नाव, फोटो, तिच्या पाळीची किंवा घरची माहिती ग्रुपवर टाकली, तर मदतीच्या नावाखाली तिचं नुकसानच होईल. नाव, गाव, शाळा काहीही न सांगता बोलण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून हवी.

आणि एका बाबतीत गटात चर्चा करत बसायचंच नाही. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कोच, संस्थाचालक, कुणीच त्यातून सुटत नाही. 'आधी ग्रुपवर विचारतो' हे तिथे चालत नाही. हा नियम प्रत्येक कोचला पाठ असायला हवा, आणि तो पाठ करून घेणं हे गटाचं काम आहे.

चांगला गट ओळखायचा कसा?

तुम्ही कोच असाल, किंवा तुमच्या ओळखीत कुणी असेल, तर गटात जाण्याआधी हे पाच प्रश्न विचारा.

१. गटात किती जण आहेत? पंधराच्या वर गेले की निम्मे लोक नुसते ऐकतात.

२. सूत्रधार कोण आहे आणि तो किती महिने सोबत राहणार आहे?

३. तिथे फक्त भाषणं होतात, की प्रत्येकाला स्वतःचा पेच मांडावा लागतो?

४. मुलांच्या माहितीबद्दल लेखी नियम आहेत का?

५. शेवटी काय मिळतं? फक्त सर्टिफिकेटच असेल तर सावध राहा. भरमसाट फी घेऊन 'सर्टिफाइड लीडरशिप कोच' बनवणाऱ्या जाहिरातींची सोशल मीडियावर कमी नाही.

यासाठी फार पैसे लागत नाहीत. दहा प्रशिक्षक, महिन्यातून दोनदा एक तास, एक सूत्रधार आणि साधा स्मार्टफोन. जिल्हा क्रीडा कार्यालय, एखादी शिक्षण संस्था किंवा खेळाची जिल्हा संघटना हे सहज उभं करू शकते. सूत्रधाराचं मानधन आणि निदान एकदा सगळ्यांना समोरासमोर भेटवण्याचा प्रवासखर्च, एवढी तरतूद केली तरी सुरुवात होते.

पालकांचा याच्याशी काय संबंध?

मुलाला अकादमीत घालताना पालक सहसा तीन गोष्टी विचारतात. फी किती, वेळ काय, आणि आतापर्यंत पदकं किती आली. चौथा प्रश्न विचारायला हरकत नाही. 'सर, तुम्ही स्वतः सध्या काय शिकताय? अडलं तर कुणाला विचारता?'

या प्रश्नावर चिडणारा कोच आणि हसून दोन नावं सांगणारा कोच, यात मोठा फरक आहे. मोठ्या स्पर्धेच्या आदल्या रात्री वजनकाट्यासमोर मूल घाबरून उभं असेल, तेव्हा त्याच्या शेजारी यातला कुठला कोच आहे, याने खूप काही ठरतं.